जाते गेले, पाटा राहिला

मराठीत दळणाचा दगड म्हटला की डोळ्यांपुढे जाते येते, आणि जात्यामागोमाग पहाटेचा अंधार, खुंट्यावर समोरासमोर धरलेले हात आणि ओवी. जनाबाईला दळू लागणारा विठ्ठल याच जात्यापाशी बसतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून एक जाते आजही दाखवतात. हे चित्र खरे आहे, पण ते घाटावरचे आहे. ज्वारी-बाजरी खाणाऱ्या मुलखात धान्याचे पीठ झाल्याशिवाय चूल पेटवून उपयोग नसतो, आणि बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट होते, त्यामुळे आठवडाभराचे दळून ठेवण्याचीही सोय नाही. कोकणात, सिंधुदुर्गातल्या कुडाळात मात्र रोजचे अन्न भात आणि पेज. तांदूळ आहे तसा शिजतो. त्याचे पीठ लागते ते भाकरी, घावणे, शिरवाळे अशा ठरावीक पदार्थांपुरते. म्हणून कुडाळसारख्या गावाचा दळणाचा इतिहास जात्यावरून लिहायला घेतला, तर त्यातली फार मोठी मेहनत हिशेबाबाहेर राहते, असे माझे म्हणणे आहे. ती मेहनत पाट्यावर आणि रगड्यात झाली, ओली झाली, आणि गावात पिठाची गिरण आल्यानंतरही कितीतरी वर्षे तशीच चालू राहिली. गिरण आली आणि बाई सुटली, हे आपण सहज बोलून जातो. कुडाळपुरते तरी ते अर्धेच खरे आहे.

जुन्या घरात दगड एक नसे. मालवणी बोलीत सांगायचे तर जातां, पाटो-वरवंटो आणि रगडो. जमिनीत पुरलेले वायन आणि त्यावरचे मुसळ. देवघरात चंदन उगाळायची सहाण. भात भरडायचे घिरट, ते बहुधा लाकडाचे. प्रत्येकाचे काम वेगळे आणि कामाचे क्रियापदही वेगळे. भात भरडायचे, तांदूळ सडायचे, नाचणी दळायची, खोबरे वाटायचे, आंबोळीचे तांदूळ-उडीद रगडायचे, मिरची कुटायची. यातल्या एकाही कामाला दुसऱ्याचे क्रियापद चालत नाही, कारण हाताची हालचाल, बसण्याची पद्धत आणि लागणारा वेळ सगळेच निराळे होते. या दगडांचे वयही सारखे नाही. घाटावर इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांच्या उत्खननात मिळालेली दळणाची साधने म्हणजे खोलगट झालेला आडवा दगड आणि त्यावर मागेपुढे फिरवायचा हातदगड. पाटा-वरवंट्याचे हे थेट पूर्वज. फिरते जाते बरेच नंतरचे. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला केलेल्या उत्खननात ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत सापडले. पाटा आधीचा, जाते नंतरचे. आणि जाताना मात्र नंतर आलेले जाते आधी गेले. हा क्रम नुसता योगायोग नाही.

दगड आणायचा कुठून, हाही इथे साधा प्रश्न नव्हता. कुडाळच्या आसपास सड्यावर जिथे खणावे तिथे जांभा. घराच्या भिंतीला, विहिरीला, गडग्याला त्याचा चिरा उत्तम; कापताना मऊ आणि हवा लागली की कठीण. पण तो सच्छिद्र आणि लोहयुक्त. त्यावर काही घासले तर त्याचीच लाल भुकटी अन्नात उतरेल. वाटायला आणि दळायला घट्ट कणांचा काळा दगड हवा, आणि तो घडवायला पाथरवट हवा. म्हणजे ज्या गावात घर बांधायचा दगड पायाखाली होता, त्याच गावात स्वयंपाकघरातला दगड पैसे मोजून आणावा लागे. त्यावर वर्षा-दोन वर्षांनी टाकी लावून घ्यावी लागे. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर खोबरे नुसते सरकते, बारीक होत नाही. छिन्नी-हातोडा घेऊन टाकी लावत दारोदार फिरणाऱ्या बायका-पुरुषांचा धंदा या गरजेवर उभा होता. तो धंदा जात्याबरोबर निम्मा झाला आणि पाट्याबरोबर संपला.

भाताची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण कुडाळच्या बाईचे सर्वात जड काम तेच होते. कुडाळात उकडा तांदूळ खातात: भात आधी भिजवून उकडायचे, अंगणात वाळवायचे, मग घिरटातून काढून टरफल सोडवायचे आणि वायनात सडायचे. उकडण्यामागे चवीइतकीच घिरटाचीही गरज असावी, असे मला वाटते. उकडल्याने दाणा चिवट होतो आणि भरडताना कमी तुटतो. हातयंत्राच्या ओबडधोबड दाबात कणी कमी पडणे म्हणजे घरात तांदूळ जास्त उरणे. त्याचा आणखी एक फायदा कुणी ठरवून मिळवलेला नव्हता. उकडताना कोंड्यातले ब जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते, त्यामुळे पुढे यंत्रावर पॉलिश झालेला तांदूळ खाणाऱ्यांना बेरीबेरीने गाठले, तशी पाळी उकडा तांदूळ खाणाऱ्यांवर सहसा आली नाही. भाताची गिरण आली तेव्हा हे सगळे भरडणे-सडणे एका फेरीत यंत्राकडे गेले. वर्धा येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा आणि हातदळणीच्या पिठाचा आग्रह धरला होता. पुढे १९५८ मध्ये भात गिरण्यांवर नियंत्रण आणणारा केंद्राचा कायदाही झाला, त्यामागे हातसडी वाचवण्याचा हेतू होता. तरी गिरण थांबली नाही. ज्यांच्या दंडांवर हे काम होते त्यांनी कायद्याची बाजू घेतली नाही, आणि त्यांना त्याबद्दल दोष देता येणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बळकट आहे. कोकणात भात पिकत असला तरी भात खाणारे सगळे नव्हते. १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान यांच्यासाठी आहे. कुडाळ तेव्हा संस्थानात होते. त्यातला शेतीचा भाग वाचला की भाताबरोबर नाचणी, वरी, हरीक, कुळीथ ही वरकस जमिनीची पिके किती महत्त्वाची होती ते दिसते. कुळाने पिकवलेले चांगले भात जमीनमालकाच्या खंडात जाई आणि त्याच्या घरी नाचणीची भाकरी नाहीतर पेज होई. नाचणीला जाते लागतेच. कुळथाची पिठी, जी आज मालवणी जेवणाची ओळख म्हणून सांगितली जाते, तीही जात्याचीच: कुळीथ भाजायचे, भरडून डाळ करायची, मग दळायची. मालवणी वड्यांचे भरड पीठसुद्धा जात्यावरचे. आणि रोज नारळ वाटायचा तर आधी दारात माड हवेत. मग पाटा हा खाऊन-पिऊन सुखी घराचा दगड आणि जाते हा गरिबाचा, असे म्हणायला काय हरकत आहे?

हरकत पुष्कळशी नाही. एकोणिसाव्या शतकापुरते मी ते मान्य करतो. पण माझा मुद्दा पुढच्या शतकाचा आहे. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाल्यानंतर रत्नागिरी-सावंतवाडीकडचा पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावात जात राहिला आणि त्याची मनीऑर्डर गावात येत राहिली. १९४८ चा कूळकायदा आणि १९५७ चा कृषक दिन यांनी खंडाचे नाते बदलायला घेतले. पुढे रेशनचा तांदूळ आला. या सगळ्यांनी मिळून नाचणी मागे सरली आणि भात गरिबाच्याही ताटात आला. भात आला की त्यावर काहीतरी कालवून खायला हवे. म्हणजे माशाचे तिखले, आमटी, कढी, आणि त्या प्रत्येकात वाटलेले खोबरे. कूळकायद्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांच्या याच काळात गावोगाव पिठाच्या गिरणी सुरू झाल्या. कोरडे दळण घटत होते आणि घटताना यंत्राकडे जात होते. ओले दळण वाढत होते आणि ते घ्यायला कुठलेही यंत्र नव्हते. जात्याला सुट्टी मिळाली त्याच घरात पाट्यावरचा भार वाढला, असे मानायला चांगली जागा आहे. आणि पुरुष मुंबईला असलेल्या घरात त्या बाईच्या वाट्याला शेतीही होती.

पीठ आधी का गेले याचे कारण कुणा सुधारकाच्या विचारात सापडणार नाही. ते धान्याच्या गुणात आहे. कोरडे धान्य डब्यात भरून डोक्यावरून गिरणीत नेता येते, ओळीत ठेवता येते, संध्याकाळी पीठ घेऊन परतता येते. चार मैलांवर गिरण असली तरी चालते, कारण पीठ आठ-पंधरा दिवस टिकते. म्हणून एक इंजिन आणि एक चक्की दहा वाड्यांना पुरते. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाल्यावर देशी बनावटीची डिझेल इंजिने सर्वत्र मिळू लागली, आणि वीज नसलेल्या गावातही चक्की चालवता येऊ लागली. वाटलेल्या खोबऱ्याला यातले काहीच लागू पडत नाही. कोकणच्या दमट उन्हात ते काही तासांत आंबते. मासा बाजारातून येतो तेव्हा त्याचे वाटप त्याच वेळी लागते, आणि किती लागेल ते मासा किती आला यावर ठरते. बांगड्याला वेगळे, कोळंबीला वेगळे, नुसत्या डाळीच्या आमटीला वेगळे. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वेगळे, ओल्या खोबऱ्याचे वेगळे. कुठे धणे-मिरची सोबत, कुठे नुसते. तिरफळ तर वाटायचेच नाही, ठेचून वरून टाकायचे. दहा घरांचे दहा प्रकारचे वाटप कोणती गिरण घेणार? या कामाला गावाचे यंत्र उपयोगाचे नव्हते. घराचे यंत्रच हवे होते. ते येण्यासाठी घरात वीज हवी, विजेवर चालणारी छोटी मोटर हवी आणि ती विकत घेण्याइतके पैसे हवेत.

भारतीय स्वयंपाकासाठी बनवलेला सुमीत मिक्सर १९६० च्या दशकात बाजारात आला, पण शहरातल्या मध्यमवर्गीय ओट्यावरून कुडाळच्या वाडीपर्यंत पोचायला त्या जातीच्या यंत्राला पुष्कळ वर्षे लागली. मधल्या काळात पीठ गिरणीतले, तांदूळ गिरणीतला आणि वाटप पाट्यावरचे, अशी घरे हीच सर्वसाधारण घरे होती. तमिळनाडूत याच अडचणीवर वेगळा तोडगा निघाला. इडली-डोशाचे पीठ हे तिथले मोठे ओले दळण. कोइम्बतूरला १९५० च्या दशकात दगड तसाच ठेवून त्याला मोटर लावली गेली, आणि त्या ‘वेट ग्राइंडर’ला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. कोकणात रगड्याला मोटर लागली नाही. आंबोळी रोज होत नाही, आणि रोजच्या मूठ-दोन मूठ खोबऱ्यासाठी जड यंत्र परवडत नाही. म्हणून इथे दगडाच्या जागी थेट पाते आले. पाते कापते आणि दगड चिरडतो. पाट्यावर खोबऱ्याचे तेल आणि रस सुटतो, मिक्सरमध्ये ते होण्यासाठी पाणी घालावे लागते. चवीचा फरक आहे, आणि तो कल्पनेतला नाही. पण त्या फरकासाठी कुणी रोज सकाळ-संध्याकाळ उकिडवे बसावे, असे म्हणण्याचा अधिकार जेवणाऱ्याला नाही.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की गिरणीने बाईची सुटका केलीच नाही, उलट तिचे पोट काढून घेतले. ‘दळण-कांडण करून मुलांना वाढवले’ हे वाक्य मराठी घरांच्या कहाण्यांत इतक्यांदा येते की त्यामागची आर्थिक रचना आपल्याला दिसेनाशी होते. विधवा, टाकलेली, नवरा मुंबईत हरवलेला अशा बाईला जमीन नाही, शिक्षण नाही, पण दुसऱ्याच्या घरचे धान्य दळून-कांडून देता येत होते. मोबदला बहुधा धान्यातच. गिरणीने हे काम एका झटक्यात संपवले, आणि गिरणवाला बहुतेक वेळा पुरुष होता. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो. पैसे किंवा पायली-शेर मिळवून देणारे दळण कोरडे होते. दुसऱ्याकडून करून घेता येत होते, मोजता येत होते. ते गेले. ओले वाटण घरातल्या बाईनेच, घरातल्या चुलीसाठी, घरातल्या वेळेवर करायचे होते. त्याचा कुणी कधी मोबदला दिला नाही. ते राहिले. यंत्राने आधी उचलले ते मोजता येणारे काम.

न मोजलेल्या कामाचा इतिहास लिहिताना पुरावा कमी पडतो, त्याचे एक कारण ओवीही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने त्या लोकांपुढे ठेवल्या. साने गुरुजींनी त्याआधी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला होता. मराठी बाईने स्वतःबद्दल जे सांगितले त्याचा एवढा मोठा ठेवा दुसरा नाही, आणि या कामाबद्दलची माझी कृतज्ञता मोकळेपणाने सांगावी अशीच आहे. पण ओवी कुठे जन्मते ते पाहा. तास-दोन तास एकाच लयीत चालणारे काम हवे, घर झोपलेले हवे, समोर दुसरी बाई असली तर आणखी बरे. जात्यापाशी हे सगळे जुळते. पाट्यापाशी यातले काहीच नसते. वाटणे अर्ध्या तासाचे, तेही चूल पेटलेली, मूल रडते आहे, मासे साफ करायचे आहेत अशा घाईत. वरवंटा पुढे-मागे ढकलताना श्वास छातीत कोंडतो, गळा मोकळा राहत नाही. लग्नातली हळद वाटताना गाणी म्हणतात, पण तो सणाचा प्रसंग. रोजच्या वाटणाला गाणे चिकटले नाही. परिणाम असा की जाते थांबले तेव्हा ओवी थांबली, आणि ती थांबल्याचे सर्वांच्या लक्षात आले. पुढे कित्येक वर्षे मुक्याने चाललेल्या वाटण्याची नोंद करायला कुणी आले नाही.

अर्ध्या तासाचे काम, त्याचा एवढा बाऊ कशाला, असेही कुणी म्हणेल. अर्धा तास एका वेळेचा आहे. दोन वेळच्या जेवणाचा एक तास, आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी आंबोळीचा रगडा, गणपतीत आणि लग्नसराईत माणसे वाढली की त्याच्या अनेक पट. वर्षाचे तीनशे पासष्ट तास धरले तरी आठ तासांच्या मजुरीने ते पंचेचाळीस दिवस होतात. हा हिशेब माझा आणि ढोबळ आहे. तो ढोबळ राहण्याचे कारण सरकारी मोजणीत सापडते. जनगणनेत घरच्यासाठी दळणारी-वाटणारी बाई ‘काम न करणारी’ ठरते. १९९८-९९ मध्ये माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पहिली प्रायोगिक पाहणी सहा राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. देशव्यापी पाहणी झाली २०१९ मध्ये. तोवर कुडाळच्या बहुतेक घरांत मिक्सर येऊन जुना झाला होता. पाट्यावर गेलेले तास मोजले जाण्याची संधी तिथेच संपली.

दगड घरातून नाहीसा झाला, असे मात्र नाही. बारशाला वरवंट्याला कुंची घालून बाळाच्या आधी पाळण्यावरून-पाळण्याखालून फिरवतात. लग्नात घाणा भरताना जाते आणि मुसळ पूजेला लागते. वधूला सहाणेवर उभी करून दगडासारखी स्थिर हो असे सांगितले जाते. त्यामुळे जाते गेलेल्या घरातही वरवंटा कोपऱ्यात असतो, आणि कुठल्या शेजारणीकडे जाते आहे हे वाडीला माहीत असते. ज्या दगडाने बाईची पाठ वाकवली त्याला विधीत मान आहे, आणि त्या पाठीचे नाव विधीत कुठेच नाही. या गोष्टीकडे आपण रूढी म्हणून बघतो आणि पुढे जातो. ती इतकी सहज सोडून देण्यासारखी मला वाटत नाही.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि मुंबईची गाडी थेट कुडाळ स्थानकात थांबू लागली. आता किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळींच्या फलकांवर ‘पाट्यावरचे वाटप’ हे आकर्षण म्हणून लिहिलेले दिसते. पहिल्यांदाच त्या वाटपाला किंमत आली आहे, आणि ती ताटाच्या दरात मिळवली जाते. ही संधी आहे, असे मला वाटते, पण एका अटीवर. पाट्याशी जी बाई बसते तिला त्या वाटपाची वेगळी मजुरी मिळते का, की घरची सून म्हणून ते तिच्याकडून धरूनच चालले जाते, हे विचारले पाहिजे. ज्यांनी गिरण आल्यानंतर आणि मिक्सर येण्याआधी रोज वाटले, अशा बायका आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. ओव्या गोळा करणाऱ्यांनी जात्यासाठी जे केले ते पाट्यासाठी करायचे तर प्रश्न बदलावे लागतील, कारण त्यांना गाणे विचारून काही हाती लागणार नाही. किती नारळ, दिवसातून किती वेळा, पाटा कुठून आणला, टाकी कोण लावायचे, मिक्सर कुणाच्या पैशाने आला आणि आल्यावर तो वेळ कुठे गेला, हे विचारावे लागेल.